रात्री तासभरच मिळतो, तर स्कायरिम घेऊ की विचर ३?

रोज बोरिवली-चर्चगेट करून रात्री दहाला घरी टेकता, जेवल्यावर जेमतेम तासभर मिळतो आणि दोन्हींतला एकच गेम घ्यायचाय, असं तुम्ही लिहिलंय. मग आत्ता स्कायरिम घ्या. विचर ३ जास्त चांगला आहे, तरीही.

मी दोन्ही खेळलो ते लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या सेकंडहँड लॅपटॉपवर. वन रूम किचन, तीन फुटांवर आई झोपलेली, कानाला हेडफोन. लॅपटॉप असा तापायचा की खाली दोन वाट्या पालथ्या घालून ठेवायचो. स्कायरिम २०११ चा, विचर २०१५ चा. तुमचं मशीन जुनं असेल तर हा चार वर्षांचा फरक चांगलाच जाणवेल.

विचरमध्ये जवळजवळ सगळा वेळ तुम्ही गेराल्टच असता, मनासारखं पात्र बनवता येत नाही. पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस, सिरी नावाच्या मुलीच्या शोधात. सुरुवातीलाच एक विहीर लागते. एका माणसाची मुलगी आजारी आहे, तिला स्वच्छ पाणी हवंय, पण विहिरीवर हडळ. तीही भर उन्हात दिसणारी. ही तिकडच्या लोककथांमधली दुपारची भुताटकी. माझी आजी गावी “बाराच्या ठोक्याला विहिरीवर जाऊ नको रे” म्हणायची, ती हीच असणार, असं वाटून मला हसूच आलं. पण तलवार उपसली की झालं, असं नाही. आधी ओस पडलेलं गाव धुंडाळायचं, माग काढायचा, विहिरीत उतरून तिचं कंकण शोधायचं, ते अस्थींबरोबर जाळायचं. मग ती समोर येते, आणि जमिनीवर यर्डन या मंत्राचं रिंगण टाकून तिला आत आणली तरच वार नीट बसतात.

हे मी अर्धं सोमवारी केलं आणि उरलेलं गुरुवारी. कंकण कोणाचं, तेच विसरलो होतो! पुढे वेलन नावाच्या मुलखात बॅरन म्हणवणाऱ्या सरदाराच्या घरची भानगड आहे. त्याची बायको आणि मुलगी कुठे गेल्या ते शोधता शोधता माणसाची कीवही येते आणि रागही येतो. जास्त सांगत नाही. पण तिथे बोलणी लांबतात आणि बोलणं चालू असताना सेव्ह करता येत नाही. शिवाय ग्वेंट नावाचा पत्त्यांचा डाव आहे. तो एकदा लागला की सिरी राहते बाजूला.

स्कायरिममध्ये हात बांधून मुंडकं उडवायला नेत असतात, ड्रॅगनच्या हल्ल्यात तुम्ही सुटता आणि पुढे तुम्ही काय करता ते कोणी विचारत नाही. माणूस व्हा, एल्फ व्हा, मांजरतोंड्या व्हा. जे कराल ते वाढतं: कुलपं उघडली तर कुलपांत हात बसतो, तलवार चालवली तर तलवारीत. कथा पातळ आहे, माणसं लाकडी, तलवारबाजी म्हणजे हवेत काठी फिरवणं. म्हणून सगळेच शेवटी लपून बाण मारायला लागतात, तुम्हीही लागाल.

पण दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घातली की त्याला दिसत नाही, आणि त्याच्यासमोर दुकान साफ करता येतं. ऑफिसात बोलणी खाऊन आलो होतो त्या रात्री मी तासभर एवढंच केलं. चीजची अख्खी चाकं उचलली, शेवटी ओझ्याने पळताच येईना. सेव्ह मारला, झोपलो. दुसऱ्या दिवशी काय आठवायचंय? चीज विकायचं, बस.

स्कायरिमची २०१६ ची स्पेशल एडिशन बघा, विचरची दोन्ही एक्स्पान्शन (नंतर आलेले जादा कथाभाग) असलेली. दोन्हींवर सेल लागत असतात, पूर्ण किंमत देऊ नका. विचर दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवा, आणि ती विहीर एका बैठकीत उरका. मध्ये उठू नका.