देवाला 'अरे' आणि आबांना 'अहो'

चिमू बाळा,

परवा स्विमिंगला जाताना कारमध्ये तू विचारलंस, "बाबा, आजी देवाला अरे म्हणते आणि आबांना अहो, मग देव आबांपेक्षा लहान आहे का?" मी हसलो, तेवढ्यात आपला एक्झिट आला आणि विषय तिथेच राहिला. पण प्रश्न डोक्यातून जाईना, इतका छान प्रश्न मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता, म्हणून नीट लिहितोय. रविवारच्या मराठी शाळेमुळे तुला आता वाचता येतं, अडलं तर विचार.

उन्हाळ्यात साताऱ्याला बघितलंस ना, आजी सकाळी तो अंगठ्याएवढा पितळी बाळकृष्ण ताम्हनात घेते, पाणी घालताना "गार लागलं का रे, झालं हं, झालं" म्हणते, मग पंच्याच्या टोकाने त्याचे गुडघे पुसते, आणि सहाणेवर गंध उगाळता उगाळता त्यालाच सुनावते, "पावसाचं काय ते बघ जरा, नुसतं लोणी खात बसू नकोस." आणि त्याच दमात बाहेरच्या खोलीकडे तोंड करून, "अहो, गोळी घेतलीत का?"

तर देव लहान नाहीये. मराठीत 'तू' लहानांना म्हणतात हे खरं, पण जो अगदी आपला असतो त्यालाही 'तू'च म्हणतात. आमच्याच घरात बघ, मी आबांना अजूनही "अहो आबा" म्हणतो पण आजीला "ए आई", आणि तुझी आई मात्र त्याच आजीला "अहो आई" म्हणते कारण ती तिची सासू. बाई एकच, हाक दोन. आदर दोघांनाही तेवढाच आहे, पण मी तिच्या कुशीत वाढलो म्हणून माझं 'ए'. आणि विठोबाला आपल्याकडे आईच म्हणतात, विठाई, विठूमाउली, मग आईला कोण अहो म्हणेल? ७०० वर्षांपूर्वी पंढरपूरला संत नामदेवांच्या घरी जनाबाई होत्या, दळण कांडण करायच्या, त्या तर विठोबाला सरळ 'विठ्या' म्हणायच्या, रागावल्या की चांगलं फैलावर घ्यायच्या, आणि तोच विठोबा त्यांच्याबरोबर जात्यावर दळायला बसतो असं लोक आजही प्रेमाने सांगतात.

गणपतीत तू ती 'युगे अठ्ठावीस'वाली आरती म्हणतेस ना, त्यातली वीट कुठून आली माहितीये? पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता, दारात देव आला, तर हा उठलाच नाही, जवळची वीट टाकली आणि सांगितलं यावर उभा राहा, माझं काम झालं की येतो. आणि देव कमरेवर हात ठेवून उभा राहिला तो अजून उभाच आहे. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की देवाला राग आला नाही. देव तिथे आलाच मुळात रुसलेल्या रखुमाईला शोधत! म्हणून पंढरपुरात तिचं देऊळ वेगळं आहे, विठोबाच्या शेजारी ती उभी नाही. ज्यांच्या घरात आपल्यासारखेच रुसवे फुगवे आहेत त्यांच्याशी बोलताना माणसाला अवघडल्यासारखं होत नाही.

कॉलेजला असताना मी वारीत एक दिवस चाललो होतो, पुण्याहून दिवेघाट चढून सासवडपर्यंत. पूर्ण वारी आळंदी ते पंढरपूर, साधारण २५० किलोमीटर, मी फक्त तेवढा टप्पा केला. घाटात जरा टेकलो होतो, जीन्स चिखलाने भरलेली, आणि आबांच्या वयाचे एक वारकरी आले, गळ्यात टाळ, कपाळाला बुक्का, वाकले आणि माझ्या पायाला हात लावला. मी एकोणीस वर्षांचा! मी गडबडून उभा राहिलो तर म्हणाले, "माउली, पाणी आहे का?" आणि माझी बाटली घेऊन घटाघटा प्यायले. तिथे सगळे एकमेकांना माउलीच म्हणतात, पोलिसालाही आणि चहावाल्यालाही. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली तेव्हा ते जेमतेम २१ वर्षांचे होते, तरी त्यांनाही माउलीच म्हणतात. त्या आजोबांना माझं नाव, आडनाव, मार्क काहीच माहीत नव्हतं आणि विचारायचंही नव्हतं. ते वाकले ते माझ्या आतल्या कुणापुढे तरी, आणि तो कोण हे मी अजून शोधतोय, खरंच सांगतो.

आता तुझी गंमत. साताऱ्यात पहिल्या दिवशी तू आजीला म्हणालीस, "आजी, आम्ही जेवू या?" आणि आजी म्हणाली, "म्हणजे मी उपाशी?" सगळे किती हसलो! इंग्लिशमध्ये एकाच शब्दात भागतं, आपल्याकडे दोन आहेत, 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटलं की तो आत येतो. पण 'आपण' एवढ्यावर थांबत नाही, मोठ्या माणसाला आदराने "आपण कोठून आलात?" विचारतात तेही आपण, "आपलं आपण करावं" म्हणतात तेही आपण, म्हणजे स्वतः, मी, तुम्ही आणि सगळे मिळून, एकच शब्द. आणि हा शब्द आलाय संस्कृतमधल्या आत्मन् वरून, प्राकृतातून घासत घासत. आत्मा म्हणजे काय हे तुला समजावायला मला जड जाईल, पण जेवायला बोलावताना आपण तो शब्द रोज वापरतो.

अजून एक, एकनाथांचं भारूड. पैठणचे संत, सोळाव्या शतकातले. त्यात एक सून भवानीआईला नवस बोलते, रोडगा वाहीन पण माझा सासरा ने, सासू ने, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे, शेवटी नवऱ्याचाही नंबर लागतो! लहानपणी देवळात ऐकलं तेव्हा बायका डोळ्याला पदर लावून हसत होत्या, आणि मग शेवटी ती म्हणते सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला, आणि आजी एकदम गप्प झाली. घरी येताना मी विचारलं तर म्हणाली, अरे, ते सासू-सासरे म्हणजे आपलाच राग, हाव, गर्व, ते सगळे गेल्यावर जी उरते ना, तिच्यासाठी तो नवस आहे. मला तेव्हा कळलं नव्हतं, पण आजीच्या चेहऱ्यावरचं हसू आणि ते गप्प होणं, दोन्ही एका मिनिटात झालेलं मला आजही दिसतं.

शनिवारी रात्री आजीचा व्हिडिओ कॉल आहे. रखुमाई का रुसली ते तिलाच विचार, ती माझ्यापेक्षा रंगवून सांगते आणि तिच्या गोष्टीत विठोबाला बराच ओरडा बसतो.

तुझा,
बाबा