खर्रा, दारू, गांजा : बाबांशी बोलायचं कसं?

प्रश्न : मी १९ वर्षांचा, आर्वी तालुक्यातला. बाबांना सकाळपासून खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) लागतो, जिल्ह्यात दारूबंदी असून रात्री दारूही. मी मित्रांसोबत तीन-चारदा गांजा ओढला. ‘तुमच्यापेक्षा माझं बरं’ म्हटलं, तर त्यांनी हात उचलला. माझं काय चुकलं?

उत्तर : हात उचलणं चूकच. तुझं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. तंबाखू आणि दारूनं जाणारे जीव गांजापेक्षा कितीतरी जास्त. खर्ऱ्यातल्या सुपारीनं तोंड आखडतं, घास जाईनासा होतो, आणि तिथेच पुढे कॅन्सर धरतो. पण मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. या वयात नेहमी गांजा ओढला तर लक्ष आणि आठवण ढासळते. घराण्यात कुणाला मानसिक आजार असेल तर भास, संशय सुरू होण्याचा धोका वाढतो. शिवाय १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं थोडा गांजा जवळ असणं हाही गुन्हाच.

तू तुलना केलीस ती बाबांना गप्प करायला. ते त्यांना कळलं. आता सकाळी वावरात, ते शुद्धीत असताना, आधी स्वतःचं सांग : ‘बाबा, मी गांजा ओढला, तुमच्यापासून लपवत नाही. पण तुमचं तोंड पुरतं उघडत नाही, मले भेव वाटते.’ मग सोबत जाऊन दातांच्या डॉक्टरला तोंड दाखवा.

प्रश्न : महाशिवरात्रीला भांग चालते, मग गांजा का नाही, असं मुलगी विचारते. काय सांगू?

उत्तर : झाड एकच, हे मान्य करा. अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. नुसती पानं त्यात येत नाहीत. शरीराला मात्र हा फरक कळत नाही. भांग पोटात गेल्यावर तास-दोन तासांनी चढते, म्हणून लोक ‘काहीच झालं नाही’ म्हणत आणखी घेतात.

प्रश्न : आम्ही रडून बोललो. बाबांनी शपथ घेतली, उद्यापासून दारू बंद. ते वीस वर्षांपासून रोज पितात.

उत्तर : बोललात, फार चांगलं केलंत. पण रोज पिणाऱ्यानं दारू एकदम, घरच्या घरी बंद करू नये. हात थरथरतात, घाम सुटतो, पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, माणूस बरळायला लागतो, जीवही जातो. उद्या सकाळीच ग्रामीण रुग्णालयात न्या, किती पितात ते खरं सांगा. औषधं देऊन दारू सुरक्षित सोडवता येते. १४४४६ या मोफत सरकारी क्रमांकावर जवळचं केंद्र विचारा.