मार्चमध्ये किती युनिट विकायची आणि १५एच कुठे द्यायचा

ताई, तुमचं पत्र मिळालं. तुमचं वय ६४, खासगी कंपनीतून निवृत्त. कंपनीच्या सुपरॲन्युएशन फंडातून (कंपनीने निवृत्तीसाठी साठवलेल्या निधीतून) महिन्याला २२,००० रुपये ॲन्युइटी, म्हणजे पेन्शनसारखा ठरावीक हप्ता, येते, स्वतःच्या बचतीतून घेतलेल्या ॲन्युइटीचे १८,००० येतात आणि एकाच बँकेतल्या मुदत ठेवींवर वर्षाला २,४५,००० रुपये व्याज मिळतं. मुलीच्या घराला एप्रिलअखेर हातभार लावायचाय, म्हणून इक्विटी म्युच्युअल फंड मोडायचा विचार आहे. त्यात सुमारे ४ लाखांचा दीर्घकालीन नफा आहे. बँकेला गेल्या एप्रिलमध्येच १५एच फॉर्म दिलेला आहे. तुम्ही विचारता, सगळा फंड मार्चमध्येच मोडून मोकळं व्हावं का, आणि ॲन्युइटी देणाऱ्या विमा कंपनीलाही १५एच देऊन टाकावा का?

एकदम मोडू नका. आणि विमा कंपनीला १५एच देण्याआधी तो कागद नेमका काय आहे ते बघू.

टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) थांबवायचा अर्ज म्हणून लोक १५एच भरतात. खरं तर तो तुमचा सहीनिशी जबाब आहे: या आर्थिक वर्षात माझ्या एकूण उत्पन्नावरचा कर शून्य आहे. एका बँकेपुरतं नव्हे, सगळीकडून येणारं उत्पन्न धरून. जाणूनबुजून खोटं लिहून दिलं तर कलम २७७ खाली खटला होऊ शकतो. काउंटरवर ‘सगळे ज्येष्ठ देतात, तुम्हीही द्या’ असं सांगतात, त्यावर विसंबू नका.

आता बेरीज. तुमच्या हिशेबात १८,००० ची ॲन्युइटी धरलेलीच नाही, कारण ती ‘कर भरलेल्या पैशातून’ घेतली आहे. इथे गफलत होते आहे. हप्त्यातला काही भाग तुमच्याच मुद्दलाचा असला, तरी आपल्याकडे पूर्ण हप्ता उत्पन्न म्हणून करपात्र ठरतो. मला हा नियम निवृत्तांवर अन्याय करणारा वाटतो, पण हिशेब त्याच्याप्रमाणेच करावा लागतो. आणि खात्यात पूर्ण रक्कम जमा झाली, टीडीएस कापला गेला नाही, म्हणून ती करमुक्त होत नाही.

म्हणजे २,६४,००० अधिक २,१६,००० अधिक २,४५,०००, एकूण ७,२५,००० रुपये. सुपरॲन्युएशनची ॲन्युइटी पगाराच्या सदरात येते, म्हणून नव्या करप्रणालीत ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) मिळेल. स्वतः घेतलेली ॲन्युइटी ‘इतर उत्पन्ना’त जाते, तिच्यावर ते मिळत नाही. उरले ६,५०,०००. २०२५-२६ या वर्षी १२ लाखांपर्यंत कलम ८७ए ची सवलत आहे, म्हणून कर शून्य. एप्रिलमध्ये दिलेला १५एच खराच होता.

तो खोटा पडू शकतो फंडामुळे. शेअर आणि इक्विटी फंडाच्या नफ्यावरच्या खास दराच्या कराला ८७ए ची सवलत लागू नाही. वर्षाला १.२५ लाख नफा माफ, त्यापुढे १२.५ टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के सेस. मार्चमध्ये पूर्ण ४ लाखांचा नफा घेतलात तर कर ३५,७५० रुपये, आणि बँकेकडे मात्र ‘कर शून्य’ असा तुमच्या सहीचा कागद.

म्हणून मी असं करेन: ३१ मार्चच्या काही दिवस आधी, नफा १.२५ लाखांच्या आत राहील एवढीच युनिट विका. यंदाचा कर शून्य राहतो, १५एचही खरा राहतो. बाकीची एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. दर आणि माफीची मर्यादा अशीच राहिली तर पुढच्या वर्षी २.७५ लाखांच्या नफ्यातले १.२५ लाख पुन्हा माफ होऊन १९,५०० रुपये कर येईल. १६,२५० वाचले, आणि मुलीचे पैसेही वेळेवर पोचले. एक मात्र सांभाळा, विक्रीत सर्वांत जुनी युनिट आधी जातात आणि त्यांच्यात नफा जास्त असतो. फंडाचा तिसरा हिस्सा विकला म्हणजे नफाही तिसराच असं होणार नाही. फंड कंपनीकडून भांडवली नफ्याचं विवरण मागवून मगच आकडा ठरवा.

पुढच्या वर्षी कर येणार, म्हणून बँकेला १५एचची घोषणा देऊ नका. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतोय, त्यामुळे कागदाचा क्रमांक वेगळा दिसला तरी गोंधळू नका. व्याज ज्येष्ठांसाठीच्या १ लाखाच्या मर्यादेपुढे जातं, तेव्हा बँक १० टक्क्यांनी २४,५०० कापेल. त्यातून १९,५०० चा कर भागेल आणि उरलेले ५,००० विवरणपत्र भरल्यावर परत येतील. त्या वर्षी ‘कापून घेऊ द्या’ हेच सोयीचं.

विमा कंपनीचं म्हणाल तर सुपरॲन्युएशनच्या ॲन्युइटीवर पगाराच्या कलम १९२ नुसार टीडीएस होतो आणि तिथे १५एच चालतच नाही. २,६४,००० वर त्यांच्या हिशेबाने कर बसत नाही, तेव्हा काही कापलं जाणार नाही. फक्त पॅन नोंदलेला आहे का ते पाहा. दुसऱ्या ॲन्युइटीच्या कंपनीला लेखी विचारा, टीडीएस कापता का आणि कोणत्या कलमाखाली. उत्तर येईपर्यंत त्यांनी पाठवलेल्या कोऱ्या फॉर्मवर सही करू नका.