व्हिएन्नाची ‘वीनर वेर्कश्टेटे’ कशासाठी सुरू झाली आणि ती बंद का पडली?

१९०३ साली वास्तुकार योसेफ हॉफमान आणि चित्रकार कोलोमान मोझर यांनी हाताने वस्तू घडवणारी ही कार्यशाळा काढली. पैसा फ्रिट्झ वेर्नडॉर्फर या कापड उद्योजकाचा. राग होता तो यंत्रातून निघणाऱ्या निकृष्ट मालावर आणि जुन्या शैलींच्या नकलेवर. इंग्रज रचनाकार अ‍ॅशबी यांनी लंडनमध्ये काढलेल्या कारागीर-संघाचा आदर्श समोर होता.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांची एक पद्धत: वस्तूवर आराखडा करणाऱ्याच्या मुद्रेबरोबर ती घडवणाऱ्या कारागिराचीही मुद्रा असे. चांदीच्या टोपलीवर हॉफमानच्या शेजारी चांदीकाम करणाराही! चमच्यापासून अख्ख्या घरापर्यंत सगळं एकाच दृष्टीतून घडावं, हा आग्रह हॉफमानने आखलेल्या ब्रुसेल्सच्या स्टोक्ले प्रासादात पुरा झाला. तिथल्या जेवणघराच्या भिंतींवरचं मोझेक चित्रकार क्लिम्टच्या आराखड्यावरून केलेलं आहे.

पण उत्तम साहित्यात हाताने केलेलं काम महागच पडणार. सामान्य घरांपर्यंत ते पोचलंच नाही आणि जमाखर्चाचा मेळही बसेना. मोझर १९०७ मध्ये बाहेर पडले, वेर्नडॉर्फर पुढे कफल्लक झाले. शेवटी जागतिक मंदीत, १९३२ साली, कार्यशाळेला टाळं लागलं.