त्या यादीतल्या डॉलरांचा हिशेब

तुम्ही अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एका काउंटीची (म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाची) शेती अनुदानाची यादी पाहिलीत, एका नावापुढे चार लाख डॉलर दिसले आणि विचारलंत, "आम्हाला पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये आणि यांना एवढे कसे?" मी इथे शेतकऱ्यांचे टॅक्सचे कागद करणाऱ्या ऑफिसात बरीच वर्षं आहे आणि घरची शेती परतूरकडे, म्हणून दोन्हीकडचं थोडं सांगू शकतो.

आधी हे बघा की त्या याद्यांत बहुधा 1995 पासूनची बेरीज असते. मधली बरीच वर्षं भाव चढा असो की पडका, ठरलेली रक्कम मिळायची. त्यावर ओरड झाली आणि 2014 च्या शेती कायद्याने ती बंद झाली. त्यानंतरच्या मुख्य योजना दोन, पीएलसी (भाव पडला तर मदत) आणि एआरसी (उत्पन्न घटलं तर मदत).

पीएलसी भावावर चालते: कायद्याने एक संदर्भ भाव ठरवलेला असतो, बाजारातली सरासरी त्याखाली गेली की फरक मिळतो. मक्याचा संदर्भ भाव बुशेलला 3.70 डॉलर होता (बुशेल म्हणजे साधारण 25 किलो). 2016 च्या मक्याला देशभरात सरासरी 3.36 मिळाले, म्हणजे फरक 34 सेंट. नोंदलेला उतारा एकरी 150 बुशेल धरला तर 51 डॉलर होतात, पण पैसे 85 टक्के क्षेत्रावरच, म्हणून हातात 43 डॉलर. तेही 2017 च्या ऑक्टोबरात, कारण आधी वर्षभराचा भाव निघावा लागतो.

आणि हे क्षेत्र तरी कुठलं? आज शेतात उभं आहे ते नव्हे. 'बेस एकर' म्हणजे जुन्या पेऱ्याची जमिनीला चिकटलेली नोंद. आपल्या पीकपाहणीसारखीच समजा, फक्त गोठवलेली. मक्याच्या बेसवर सोयाबीन पेरलं तरी पैसे मक्याचेच.

एआरसी मात्र तुम्हाला लगेच ओळखीची वाटेल. तिच्यात काउंटीचं सरासरी उत्पन्न बघतात, तुमचं शेत नाही. आपल्याकडे पीकविमा महसूल मंडळाच्या पीक कापणीवर ठरतो आणि ज्याचं बुडालं तो तलाठ्याच्या नावाने बोटं मोडतो, अगदी तेच. रस्त्याच्या अलीकडे पैसे, पलीकडे शून्य. आधी तर शेताचे कागद ज्या काउंटीच्या ऑफिसात, तिथली सरासरी लागायची. शेत प्रत्यक्ष जिथे आहे तिथली धरायला 2018 चा कायदा यावा लागला.

म्हणून याला नुकसानभरपाई समजू नका. 10 ऑगस्ट 2020 ला इथे असं वादळ झालं की लाखो एकर मका झोपला. पण त्या पिकाचा सरासरी भाव निघाला 4.53, म्हणून पीएलसीचा एक सेंट नाही. सावरलं ते विम्याने. विम्याच्या हप्त्यातला 60 टक्क्यांच्या वरचा वाटा सरकार भरतं आणि तो नावानिशी कुठल्याच यादीत दिसत नाही. खरी मोठी मदत ती आहे, असं माझं मत.

मग यादीतला पैसा राहतो कुणाकडे? आयोवात निम्म्याहून जास्त जमीन दुसऱ्याची कसली जाते. बटईने असेल तर अनुदान वाटून, ठोक्याने असेल तर सगळं कसणाऱ्याचं. हे कागदावर. ठोका एकरी पावणेतीनशे डॉलरच्या आसपास आहे, आणि अनुदान किती येणार हे मालकालाही ठाऊक असतं. 2025 च्या कायद्याने मक्याचा संदर्भ भाव 4.10 केला. पैसे अजून यायचे होते, तेव्हाच आमच्या ऑफिसात दोन मालक येऊन विचारून गेले, "मग आता ठोका कितीने वाढवू?"