हायड्रोसचा ड्रम कोमट लागला, आता काय करू?

या खेपेला पत्रं वाचायला बसले तर चार पत्रं एकाच पावडरीची निघाली. गावं वेगळी, कामं वेगळी, पण पावडर तीच, सूत-कापड रंगवताना वापरतात ती हायड्रोस. बिलावर सोडियम हायड्रोसल्फाइट लिहितात, कधी सोडियम डायथायोनाइट लिहितात, दोन्ही एकच. दिसायला धुण्याच्या सोड्यासारखी पांढरी, म्हणून लोक तिला सोड्यासारखीच वागवतात आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते. म्हणून या महिन्यात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, त्या वाचकांनी राग मानू नये.

प्रश्न (वडगाव, बेळगाव): ताई नमस्कार. आमचं लहान डाईंग आहे, सूत रंगवून मागवाल्यांना देतो. हायड्रोसचा 50 किलोचा ड्रम शेडमध्येच असतोय. मागं झड लागली तेव्हा पत्र्यातनं ठिपकत होतं, सकाळी शेड उघडली तर काडी ओढल्यावर येतो तसला वास आणि ड्रमला हात लावला तर कोमट. पोरगा पाण्याची बादली घेऊन आला, मी म्हटलं थांब, वाळू टाकू. आमचं भांडण चालू असतानाच ते आपोआप गार झालं. पण बरोबर कोण होतं? आणि वरची ढेकळं काढून खालची पावडर वापरली तर चालतंय काय?

उत्तर: दादा, खरं सांगते, दोघंही चुकत होता आणि तुमचं नशीब बलवत्तर म्हणून ते गार झालं.

या पावडरीचं पाण्याशी नातं उलटं आहे. थोडं पाणी लागलं की ती तापते, भरपूर पाण्यात पडली की निमूट विरघळते. पत्र्यातनं पडलेले चार थेंब, ओला मग, घामेजलेला हात, एवढंच तिला पुरतं. थेंब पडला तिथं रासायनिक क्रिया सुरू होते, उष्णता तयार होते, आणि ड्रममध्ये चारी बाजूंनी पावडरच असल्यामुळे ती उष्णता बाहेर जायला वाटच नसते, मग आतला गाभा तापत जातो आणि साधारण 90 अंशांच्या वर गेला की पाणी असो नसो पावडर स्वतःच मोडायला (विघटित व्हायला) लागते. त्यातनं सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, तोच तुमचा काडीचा वास. पुढं गंधक पेटतं, शेजारी सूत, पोती, पुठ्ठा असलं की ते धरतं. म्हणजे पोराची बादली पडली असती तर बादलीभर पाणी म्हणजे चुलीत फुंकर घातल्यासारखंच.

आता तुमची वाळू. आग दाबायची म्हणजे हवा तोडायची, हे रॉकेलच्या आगीला ठीक, पण या पावडरीला जळायला बाहेरची हवा लागत नाही, ती हवेशिवायही स्वतःच मोडत आणि तापत जाते. वाळू टाका नाहीतर ओली गोणी टाका, खाली ती धुमसतच राहते. फायर ब्रिगेडच्या अनेक देशांत चालणाऱ्या मार्गदर्शनात आपोआप पेटणाऱ्या पदार्थांच्या गटातल्या बहुतेकांवर पाणी मारू नका असं आहे, पण हायड्रोसला मुद्दाम अपवाद केलाय: पाण्याचा पूर मारा, दाबून विझणार नाही. पूर म्हणजे होजनं सतत, बादलीनं नव्हे. आणि ते काम तुमचं नाही, त्यांचं.

तुमचं काम एवढंच, की वास आला आणि ड्रम कोमट लागला तर झाकण उघडून बघायचं नाही, सगळ्यांना बाहेर काढायचं, वारा येतोय त्या बाजूला उभं राहायचं (हा वायू हवेच्या दुपटीहून जड, खड्ड्यात, तळघरात साचतो), आणि 101 नाहीतर 112 ला फोन करून पावडरीचं नाव सांगायचं. ड्रमवर यूएन 1384 असा आकडा छापलेला असतो तोही सांगा, त्या आकड्यावरनं त्यांना लगेच कळतं की आत काय आहे. नुसतं "केमिकल पेटलंय" म्हणू नका.

मी हे एवढं घोळून का सांगते त्याला कारण आहे. 21 एप्रिल 1995 ला अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या लोडाय गावी नॅप टेक्नॉलॉजीज नावाच्या कारखान्यात मोठ्या ब्लेंडरमध्ये हायड्रोस, ॲल्युमिनियमची पावडर आणि पोटॅशियम कार्बोनेट मिसळत होते, त्यात कुठून तरी पाणी शिरलं. आत तापायला लागलं, वास सुटला, माणसं बाहेर काढली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग मालाचं नुकसान नको म्हणून ब्लेंडर रिकामा करायला काही कामगार परत आत गेले आणि त्याच वेळी स्फोट झाला. पाच जण गेले. माल वाचवायला परत आत जाणं, ही चूक आपल्याकडं वडगाव-शहापूर-खासबागेत कुणीही करेल, कारण ड्रम पैसे देऊन आणलेला असतो. म्हणून म्हणते, एकदा बाहेर पडलात की परत आत नाही, ड्रम जाऊ दे.

ढेकळांचं: वापरू नका. ढेकूळ झालं म्हणजे तिथं पाणी लागून गेलंय, ताकद गेलेली आहे, रंग नीट चढणार नाही आणि मग तुम्ही अंदाजानं जास्त टाकत बसाल. ढेकळं हातोडीनं फोडू नका, परत ड्रममध्ये टाकू नका. ड्रम पूर्ण गार असेल तर मोकळ्यावर मोठ्या टाकीत भरपूर पाणी घ्या, त्यात थोडा धुण्याचा सोडा विरघळवा म्हणजे वायू कमी सुटेल, आणि ढेकळं थोडी थोडी करून त्या पाण्यात सोडा. पाणी पावडरीवर कधीच ओतायचं नाही, पावडर पाण्यात, हा क्रम डोक्यात पक्का बसवा. ते पाणी नाल्यात सोडू नका, ते पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि मासे मरतात, तुमच्या रंगाच्या पाण्याबरोबर प्रक्रियेलाच जाऊ दे.

आणि मूळ रोगाकडं या. मी लॅबमध्ये काम करायचे तिथं एक हिरवा प्लास्टिकचा मग होता, त्यानंच पाणी घ्यायचे आणि त्यानंच हायड्रोस. एके दिवशी मगातच पावडर फुसफुसली, धरणाऱ्या पोरीच्या बोटांना चटका बसला आणि पुढं तासभर तिला खोकला. तो मग बदलायला दहा रुपये लागले असते. तेव्हा हायड्रोसला वेगळा, कोरडा, दांडीचा स्कूप ठेवा आणि तो ड्रमशेजारी टांगून ठेवा, दुसऱ्या कशाला वापरायचा नाही. घेतली की आतली प्लास्टिक पिशवी पिळून बांधायची, वर झाकण, रिंग. ड्रम जमिनीवर नको, दोन विटांच्या थरावर ठेवा, गळणाऱ्या पत्र्याखाली तर नकोच. आपल्याकडं जूनपासनं जो पाऊस लागतो, खानापूरकडं तर बघायलाच नको, त्या चार महिन्यांत मोठा ड्रम साठवूच नका, लागेल तेवढाच मागवा. आणि हायड्रोसच्या शेजारी ब्लिचिंग पावडर, पेरॉक्साइड, ॲसेटिक ॲसिड एका ओळीत मांडलेलं मी कित्येक डाईंगमध्ये बघितलंय. ब्लिचिंग पावडर हायड्रोसमध्ये मिसळली तर आग, ॲसिड सांडलं तर वायूच वायू. मधे भिंत असू दे.

रंगाचं पाणी तयार करताना आधी कॉस्टिक सोडा पूर्ण विरघळवा, तेही तापतं, ते शांत झालं की रंग, आणि हायड्रोस शेवटी भुरभुरवत, तोंड बाजूला करून. कॉस्टिकच्या कोरड्या पापडीवर हायड्रोस टाकून वर पाणी ओतणारे कारागीर आहेत, वेळ वाचतो म्हणतात, हात जोडते, ते बंद करा.

प्रश्न (चिक्कोडी भाग): मॅडम, माझे वडील गुळव्या आहेत, तीस वर्षं काहिलीवर उभे. पूर्वी भेंडी आणि चुन्याची निवळी एवढंच असायचं, आता व्यापारी पिवळाधमक गूळ मागतोय म्हणून मालक हायड्रोस टाकायला लावतात. वडलांना दम लागतोय. ते म्हणतात बिडीमुळं. पावडरीमुळं पण असेल काय?

उत्तर: बाळा, दम्याचं निदान मी पत्रावरनं करू शकत नाही, छातीच्या डॉक्टरांना दाखवाच आणि दाखवताना "हायड्रोस" हा शब्द सांगा, नुसतं गुऱ्हाळावर काम म्हणालात तर डॉक्टर धूर धरतील. पण काहिलीवर काय होतं ते सांगते. उसाचा रस मुळातच थोडा आंबट असतो आणि तो उकळत असतो, आंबट आणि गरम, हायड्रोसमधनं सल्फर डायऑक्साइड सुटायला याच दोन गोष्टी लागतात. वडील वाफेवर वाकून ढवळतात, म्हणजे तो वायू थेट नाकात. हा वायू श्वासनळी आवळतो आणि ज्याला आधीच दमा आहे त्याला फार थोड्यानंही त्रास होतो. बिडी आणि हा वायू एकमेकांना मदतच करतात, तेव्हा बिडी सुटायलाच पाहिजे, पण बिडीच्या नावावर पावडर दोषातनं सुटता कामा नये.

दुसरं, ती पिशवी ठेवतात कुठं? बहुतेक चुलवाणाच्या उबेला, चिपाडाच्या शेजारी, उघडी. वडगावच्या दादांना जे लिहिलं ते परत वाचा, तिथं तर ठिणगी पण आहे.

आणि गुळाबद्दल माझं मत सरळ आहे. कपड्याच्या रंगासाठी बनवलेली पावडर खाण्याच्या जिन्नसात टाकायची नाही. गूळ पिवळा होतो तो सुद्धा उसना रंग, साठवणीत काही आठवड्यांनी परत काळपट पडतो. सल्फाइटमुळे काही दमेकऱ्यांना गूळ खाऊनही त्रास होतो आणि ब जीवनसत्त्वातलं बी-1 मोडतं. गुळात सल्फर डायऑक्साइड किती असावा याला अन्नसुरक्षेच्या नियमांत मर्यादा आहे, पण काहिलीवर तो तराजूनं कोण टाकतंय, मूठच असते. मालकांना एकच सुचवा, एक आदण भेंडी आणि निवळीवर, मळी नीट काढून करून बघा आणि ते वेगळं विका. महालिंगपूर, कोल्हापूरच्या बाजारात आता पावडर न मारलेला गूळ मुद्दाम मागणारं गिऱ्हाईक आहे, त्याला लाल-तपकिरीच ढेप लागते. व्यापारी ऐकत नसेल तर निदान वडलांना वारा येतोय त्या बाजूला उभं करा, पावडर टाकताना दोन पावलं मागं.

प्रश्न (अनगोळ): ताई, आमच्या ह्यांनी भंगारातनं पत्र्याचा चांगला ड्रम आणलाय, नळाला पाणी रोज कुठं येतंय म्हणून पाणी साठवायला. त्यावर हायड्रोसल्फाइट असं लिहिलेलं दिसतंय. धुऊन वापरू काय?

उत्तर: प्यायच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्याला नको, ताई, धान्याला पण नको. शिवणीत, कडेच्या घडीत पावडर राहते आणि पत्रा आतनं गंजतो. टाकाऊ पाण्याला वापरायचाच असेल तर आधी अंगणात नेऊन, लेकरांना लांब करून, पाइप लावून एकदम काठोकाठ भरा. तांब्या-दोन तांब्ये पाणी घालून खळखळवू नका, आत पावडर असली तर तेवढ्यानंच तापेल. दोन-तीनदा भरून ओता. आणि गॅसकटरनं कापून चूल किंवा गोठ्यातलं टब करायचा विचार असेल तर धुतल्याशिवाय कटर अजिबात लावू देऊ नका.

प्रश्न (निपाणी): मी गोडाऊनला हमाल आहे. लेबल इंग्रजीत, वरनं कन्नडमध्ये स्टिकर, मला दोन्ही वाचता येत नाही. तोंडाला टॉवेल बांधतो. पुरतंय काय?

उत्तर: टॉवेल थोडी धूळ अडवतो, वायू अजिबात नाही, आणि घामानं ओला टॉवेल तर तोंडाजवळ नकोच. साध्या पांढऱ्या मास्कचं पण तसंच, धुळीला चालतो, वासाला नाही. वायूला ॲसिड गॅसचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, तो मालकानं द्यायचा आहे, शिवाय कोरडे रबरी हातमोजे आणि गॉगल. डोळ्यात उडाली तर नळाखाली निदान 15 मिनिटं डोळा धुवायचा, चोळायचा नाही, मगच दवाखाना. वास छातीत गेला तर मोकळ्या हवेत बसा आणि बरं वाटलं तरी डॉक्टरला दाखवा, फुप्फुसाला सूज काही तासांनी पण येऊ शकते.

वाचता येत नाही हा तुमचा दोष नाही. अशा मालाबरोबर सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या केमिकलच्या सुरक्षेचं माहितीपत्रक येतं, सोळा भागांचं, पुरवठादाराकडं मागितलं की द्यायलाच पाहिजे. त्यातला चौथा भाग प्रथमोपचाराचा, पाचवा आगीचा, सातवा साठवणीचा, हे तीनच भाग मराठीत लिहून घ्यायला सांगा आणि गोडाऊनच्या दारात लावा. तोपर्यंत चित्र ओळखा: ड्रमवर चौकोन टोकावर उभा केल्यासारखा डायमंड, वरची अर्धी बाजू पांढरी, खालची लाल, मधे ज्वाळा आणि तळाला 4 चा आकडा. तसला ड्रम पावसात उतरवायचा नाही, ट्रक ताडपत्रीखाली थांबू दे. फुटलेला असेल तर हात लावायचा नाही, आधी मालकाला बोलवा.