वाचकांचे प्रश्न : खडूची फुली आणि गणपतीतला ताप

प्रश्न : डॉक्टर, मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत भट्टीवर असतो. वय ३३. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. बायकोच्या सगळ्या तपासण्या दोनदा झाल्या, सगळं नॉर्मल. माझी पहिली तपासणी गेल्या दसऱ्याच्या तोंडावर झाली (गणपतीत टायफॉईडनं आडवा होतो, म्हणून लांबली). शुक्राणूंचा काउंट मिलिलिटरला १ कोटी १० लाख आला. एका ठिकाणी म्हणाले, शुक्राणूंच्या डीएनएचं मिथायलेशन बिघडलं असेल, ती टेस्ट करा. ती फार महाग आहे. मेडिकलवाल्यानं फॉलिक अ‍ॅसिड आणि झिंकच्या गोळ्या दिल्यात. टेस्ट करू का?
— एक वाचक, शिरोली

उत्तर : पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकलीय. टायफॉईड. शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात आणि बाहेर पडेपर्यंत अडीच-तीन महिने जातात. म्हणजे दसऱ्याच्या तोंडावर दिलेला नमुना तापाच्या झळेतून निघालेला माल होता. सणकून ताप आला की काउंट पडतो, आणि बहुतेकदा परत वर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत खालची रेघ मिलिलिटरला १ कोटी ६० लाखांची आहे. तुम्ही तिच्या खाली आहात, पण एका रिपोर्टवर मी कुणालाच शिक्का मारत नाही.

आता मिथायलेशन. तुमच्याच शॉपमधलं सांगतो. कास्टिंग सगळी एकाच धातूची, पण इन्स्पेक्शनवाला एखाद्यावर खडूनं फुली मारतो आणि ते पुढं जात नाही. धातू तोच, फक्त खूण पडली. डीएनएवर मिथाइल नावाचा बारका रासायनिक गट बसतो, तो असाच. जनुक बदलत नाही, बहुतेक वेळा ते वाचलं जाऊ नये एवढीच खूण होते. शुक्राणूत काही ठिकाणी फुली हवीच, काही ठिकाणी पाटी कोरी हवी. एच-१९ या जनुकाजवळ फुली लागते, मेस्ट या जनुकावर नको. काउंट कमी असलेल्या पुरुषांत हे उलटसुलट झालेलं जास्त वेळा सापडतं. तेवढं संशोधन खरं आहे, तुम्हाला कुणी थाप मारलेली नाही.

पण हे फरक गटागटांच्या सरासरीतले आहेत. एकट्या माणसाच्या रिपोर्टवरून त्याला मूल होईल की नाही, हे छातीठोक सांगता येत नाही. त्यात वीर्यात पांढऱ्या पेशी मिसळल्या असल्या तर त्यांच्याच खुणा मोजल्या जातात आणि हिशेब चुकतो. शिवाय फुल्या चुकल्यात असं कळलं तरी त्या पुसायचं औषध माझ्याकडं नाही. उपचार बदलणार नसेल तर पैसे कशाला घालायचे? तूर्त टेस्ट नको.

गोळ्यांचं म्हणाल, तर फॉलिक अ‍ॅसिडमधून मिथाइल गट मिळायला मदत होते, म्हणून ती कल्पना पटते. पण अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर चाचणी झाली, २०२०मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या नवऱ्यांना सहा महिने फॉलिक अ‍ॅसिड आणि झिंक, निम्म्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. मूल झालेली जोडपी खऱ्या गोळ्यांच्या गटात ३४ टक्के, दिखाऊ गोळ्यांच्या गटात ३५. वर खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची पोटं जास्त बिघडली.

माझ्या टेबलावर बायकोची फाइल विटेएवढी आणि नवऱ्याचा एकच कागद, हे रोजचं दृश्य. तुमचंही तेच. बायकोच्या तपासण्या दोनदा, तुमची चार वर्षांनी एकदा! आणि तुम्हाला हात लावून कुणी तपासल्याचं पत्रात कुठंच नाही. उभं करून तपासायला पाच मिनिटं लागतात आणि वृषणाच्या शिरा फुगल्या असतील तर त्या बोटाला लागतात. त्यावर इलाज आहे. वृषणं शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड राहावी लागतात, म्हणून सुपरवायझरला सांगून तीन महिने भट्टीवरून बाजूला होता आलं तर बघा. तंबाखूचं तुम्ही लिहिलं नाही. भट्टीवर काम करणाऱ्याच्या खिशात पुडी नाही असं मी क्वचितच पाहिलंय. असेल तर आजच बंद करा.

ताप जाऊन तीन महिने उलटले असतील तर तपासणी पुन्हा करा. आधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. जमलं तर लॅबमध्येच नमुना द्या. घरूनच आणणार असाल तर तासाच्या आत पोचवा. डबी गाडीच्या डिकीत टाकू नका, बनियनच्या आत अंगाशी धरा, आणि कोल्हापुरात शिरताना तावडे हॉटेलच्या चौकात लागणारी सकाळची गर्दी हिशेबात धरून निघा.